कॅरिबियन समुद्राची ओटी

आधी चहा घ्या. आणि घोट गिळून झाल्यावरच पुढचं ऐका. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो, तेव्हा गजूभाऊंच्या नाकातून चहा आला होता.

फजिती काय, कुणाचीही होते. पण ती पांढरकवड्यात झाली तर चार दिवसांत मिटते. माझी कुठे व्हावी? कॅरिबियन समुद्रात! भर दुपारी, देशोदेशींच्या माणसांसमोर, अर्ध्या चड्डीवर!

मी भूगोलाचा शिक्षक. उभा जन्म फळ्यावर निळ्या खडूनं समुद्र रंगवला. भरती शिकवली, ओहोटी शिकवली, प्रवाळ बेटं शिकवली. प्रत्यक्षात समुद्र पाहिला होता का? नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्राच्या आधी सुट्टी संपते.

समुद्राची खरी ओढ होती ती माझ्या बायकोला, सुनंदाला. तिचं माहेर मुकुटबनचं. बस नदीवरच्या पुलावर आली की नाणं टाकायला हिचा हात खिडकीबाहेर. नदीकाठी मुक्काम असला की ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, कुंकू, सगळं रीतसर. वर्धेची भरली, पैनगंगेची तर किती वेळा भरली. राहिला तो समुद्र.

मी एकदा मास्तरकी केली. म्हटलं, "अगं, ओटी बाईची भरतात. समुद्र बाप्या माणूस. त्याची कसली ओटी?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "येवढ्या साऱ्या नद्या त्याच्या घरी नांदाले गेल्या. त्याहिले सणासुदीले कुंकू कोन देत असन? तुमी?"

आता याला भूगोलात उत्तर आहे का?

तिचं आणखी एक वाक्य सांगून ठेवतो, पुढे लागेल. मला आधी ओरडायची आणि मग बघायची सवय आहे. एकदा अंगणात ठिबकच्या नळीचं वेटोळं पडलं होतं. मी "साप! साप!" करून अशी आरोळी ठोकली, की अख्खी गल्ली काठ्या घेऊन हजर. सुनंदानं ती नळी दोन बोटांत उचलली, खुंटीला अडकवली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "आंधी पाहत जा जी, मंग बोंबलत जा."

सुनंदा गेली त्याला दोन पावसाळे झाले. समुद्र राहूनच गेला.

आमची मुलगी पल्लवी अमेरिकेत असते. तिचा एक दिवस फोन आला. "बाबा, गजूकाका सांगत होते, तुम्ही घरात एकटेच बोलता म्हणून."

"एकटा कुठे? कॅलेंडर असतं समोर."

झालं! पुढच्या महिन्यात माझ्या हातात तिकीट. आधी विमान, मग क्रूझ. क्रूझ म्हणजे आठवडाभर हिंडणारं अवाढव्य जहाज. ते रोज एका बेटाला लागतं, माणसं उतरून किनाऱ्यावर खेळतात, संध्याकाळी परत येतात. आणि पल्लवीनं खास करून सांगितलं, "बाबा, आपण स्नॉर्केलिंग करायचं." म्हणजे डोळ्यांवर नि नाकावर काचेचा मुखवटा चढवायचा, तोंडात एक वाकडी नळी धरायची, नळीचं दुसरं टोक पाण्याबाहेर ठेवायचं आणि पालथं पडून खालचे मासे बघत तरंगायचं.

मी विहिरीत पोहलेला माणूस. आमच्याकडे पोहणं म्हणजे उडी मारणं आणि जिवंत वर येणं. हे पालथं पडणं मला नवीन. तेव्हा सराव हवा. मुखवटा नि नळी मागवली आणि गजूभाऊंच्या शेततळ्यावर गेलो. गजूभाऊ माझे जुने मित्र, हायवेवर त्यांचं ट्रकचं गॅरेज आहे.

"सर, आमच्या तळ्यात पाहासारखं काय आहे? दोन बेंडकं अन् एक मोटारीचा पाइप."

"सराव करायचा आहे, गजूभाऊ."

"करा बाप्पा. मी मोटर पाहून येतो."

मी पालथा पडलो. खरं सांगतो, फार बरं वाटलं. कानात पाणी, जगाचा आवाज बंद. इतक्यात धपाक! कुणीतरी माझे केस धरले, कॉलर धरली आणि मला काठावर खेचलं. बघतो तर गजूभाऊ! कपड्यांसकट, चपलांसकट, खिशातल्या मोबाइलसकट तळ्यात!

"काय करून राह्यले सर हे!" कॉलर अजून त्यांच्या मुठीतच होती.

"श्वास घेत होतो."

"उबडं पडून? असा श्वास कोन घेते? मले वाटलं..." बोलता बोलता त्यांनी खिसा चाचपला. मोबाइल मात्र गेला.

परत येताना माझं ठरलं. समुद्राची ओटी भरायची. सुनंदाची राहिलेली ओटी. पण पुरुषमाणसानं ओटी भरायची म्हणजे चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. त्यात पल्लवीनं फोनवर आधीच बजावलं होतं, "बाबा, तिथे समुद्रात काही म्हणजे काही टाकायचं नाही. फार कडक असतात." आईची ओटी म्हटलं असतं तर ती नाही म्हणाली नसती. पण आईचं नाव निघालं की ती फोनवर गप्प होते, आणि ते गप्प होणं मला ऐकवत नाही. म्हणून गुपचूप करायचं ठरवलं. तिथेच चुकलं.

कळंबला जाऊन चिंतामणीच्या देवळापुढून नारळ घेतला. सुनंदाच्या पेटीतला हिरवा खण घेतला. तांदूळ, हळकुंड, सुपारी घेतली. आणि तिच्या करंड्यातलं होतं नव्हतं तेवढं सगळं कुंकू प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत भरलं, ती दाबून बंद होते ना, तसल्या.

अमेरिकेच्या विमानतळावर साहेबानं बॅग उघडली. नारळ काढला. तांदूळ काढले. हळकुंड काढलं. सुपारी तर अशी धरली, जणू बंदुकीची गोळीच! सगळं जमा. शेवटी कुंकवाची पिशवी उघडून त्यानं वास घेतला. जोरात शिंकला! नाक लालभडक! मी म्हटलं, आता आपण गेलो आत. तोंडाला काळं फडकं बांधलेला फोटो छापून येईल वर्तमानपत्रात. पण त्यानं रुमालानं नाक पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी परत केली. का, ते आजतागायत कळलं नाही.

म्हणजे उरलं काय? खण आणि कुंकू.

जहाजाचं वर्णन करत नाही. आपला आठवडी बाजार, चार मंगल कार्यालयं आणि एक तहसील कचेरी एकावर एक रचा आणि पाण्यात सोडा. तेच.

पहिल्या बेटावर उतरलो आणि मी समुद्र पाहिला. काय बोलू? खडूचा रंग साफ चुकीचा होता. इतकी वर्षं पोरांना चुकीचा रंग शिकवला. मी नुसता वाळूत बसून राहिलो. पल्लवीनं विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, "ऊन फार आहे." डोळ्यांत पाणी यायला ऊन पुरतं.

बरं, तिथली मजा ऐका. किनाराभर नारळाची झाडं! खाली नारळच नारळ, कुणी उचलायला तयार नाही! आणि मी शहाणा कळंबहून नारळ घेऊन निघालो होतो!

त्या दिवशी ओटी जमली नाही. पल्लवी सावलीसारखी शेजारी. दुसऱ्या बेटावर मात्र स्नॉर्केलिंग होतं आणि माझा बेत पक्का होता. खण किनाऱ्यावरच्या पिशवीत ठेवायचा, त्याला लांबून नमस्कार. कुंकू चड्डीच्या खिशात. पाण्याखाली कोण कुणाकडे बघतंय? पिशवी हळूच उघडायची, चिमूटभर सोडायचं, मनात नाव घ्यायचं, झालं.

आमचा वाटाड्या एक धिप्पाड काळा माणूस होता, गळ्यात शिट्टी. त्यानं सगळ्यांना नियम सांगितले. गटात एक गोऱ्या आजीबाई होत्या, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी विचारलं, इथे शार्क असतात का? वाटाड्या हसला. म्हणाला, असतात की, पण लहान, गरीब बिचारे.

सगळे हसले. मी हसलो नाही. गरीब बिचारा शार्क? आमच्याकडे कुत्रा चावला की त्याचा मालक हेच म्हणतो.

पाण्यात उतरलो. डावीकडे जावई कौस्तुभ, पुण्याचा, अत्यंत सालस मुलगा, पायांत पोहायचे बदकासारखे रबरी पंजे. पल्लवी थोडी मागे, किनाऱ्याजवळ. मी तोंडात नळी धरली आणि पालथा झालो.

अहो, काय ते! कासाराच्या दुकानात बांगड्या लटकवलेल्या असतात ना? हिरव्या, पिवळ्या, मोरपंखी. तशा बांगड्या जिवंत होऊन इकडून तिकडे चालल्या होत्या! एक मासा तर माझ्या काचेला नाक लावून बघून गेला. त्यालाही नवल वाटलं असेल, हे कुठलं आणलं म्हणून. मी सगळं विसरलो. मग आठवलं. हात खिशात घातला. बोटं ओली, पिशवीचं तोंड काही सापडेना. जरा ओढली, जरा चिमटली. उघडली की नाही, कळेना. म्हटलं, राहू दे, मासे बघून झाल्यावर निवांत करू.

आणि त्याच क्षणी माझ्या पोटरीला काहीतरी घासून गेलं.

गार. गुळगुळीत. मोठं.

मी खाली पाहिलं. लाल! माझ्या पोटाखालून, मांड्यांमधून लालभडक ढग वर येत होता! काचेसमोर लाल, डावीकडे लाल, उजवीकडे लाल!

तुम्ही म्हणाल, अहो, कुंकू तुमच्याच खिशात होतं! होतं ना. मी कुठे नाही म्हणतो? पण त्या घडीला कुंकू आठवलं नाही. आठवला तो गरीब बिचारा! मी नळी थुंकली, मान वर काढली आणि ठिबकच्या नळीला पाहून ठोकली होती तीच आरोळी ठोकली.

"शार्क! शार्क! शार्क!"

आयुष्यभर मी वर्गात बोललो ते पहिल्या बाकाच्या पलीकडे कधी कुणाला समजलं नाही. हा एकच शब्द साऱ्या जगाला पहिल्या फटक्यात समजला! शिट्टी वाजली. होड्या वळल्या. बाया किंचाळल्या. पांढऱ्या टोपीच्या आजीबाई माझ्या बाजूनं अशा सणसणत निघून गेल्या, की त्यांच्या लाटेनं मी पुन्हा बुडालो. कौस्तुभ मला ओढायला आला, तर मी त्याच्या गळ्याला मिठी मारली. तो बिचारा बुडत बुडत म्हणत होता, "बाबा, गळा... बाबा, प्लीज, गळा..." बुडतानाही 'प्लीज'! पुण्याचा मुलगा.

वाटाड्यानं आम्हा दोघांना बखोटीला धरून बाहेर काढलं. मला वाळूवर आडवं केलं. कमरेखाली सगळं लाल. कुणीतरी "ओ माय गॉड" म्हणून तोंड फिरवलं. औषधांची पेटी घेऊन एक बाई धावत आल्या. मांडी दाबून विचारलं, इथे दुखतंय?

आणि दुखत होतं! खोटं सांगत नाही, भयंकर दुखत होतं! मी म्हटलं, "येस!" त्यांनी पोटरी दाबली. "येस!" पाऊल दाबलं. तिथे तर काही जाणवलंच नाही. मी डोळे मिटून कौस्तुभला म्हटलं, "पाय गेला रे. पल्लवीला हळूच सांग."

हळूच कसलं! पल्लवी धावत येत होती. मी डोळे किलकिले करून तिचा चेहरा पाहिला, आणि मित्रहो, शार्कला पाहून घाबरलो नसतो इतका घाबरलो. सुनंदाच्या वेळी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये डॉक्टर बाहेर आले होते, तेव्हा तिचा असाच चेहरा झाला होता. ती माझ्या डोक्याशी गुडघ्यांवर बसली. नुसतं "बाबा, नाही. बाबा, नाही" एवढंच म्हणत होती.

औषधवाल्या बाईंनी कात्री काढली आणि चड्डी कमरेपासून खाली टर्रकन फाडली. सगळा घोळका वाकला. जखम कुठेच नाही! खिशातून एक ओली पिशवी घरंगळून वाळूत पडली. बाईंनी बोट लावलं, वास घेतला, दुसऱ्या बोटावर चोळलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग वाटाड्याकडे.

"आणि तो पोटरीला घासून गेलेला?" मी विचारलं.

कौस्तुभ अजून खोकत होता. "बाबा, माझा रबरी पंजा लागला तुम्हाला. सॉरी."

पल्लवीनं पिशवी उचलली. उलटीपालटी करून पाहिली. "हे आईच्या करंड्यातलं?"

मी मान हलवली. आडवं पडून, फाटक्या चड्डीवर, जगासमोर मान हलवली. "तिची समुद्राची ओटी राहिली होती. तुला त्रास नको म्हणून..."

मला वाटलं, आता रागावेल. पण तिनं खांद्यावर ओढणीसारखा घेतलेला टॉवेल काढला, माझ्या कमरेला गुंडाळला आणि माझं डोकं मांडीवर घेऊन रडली. रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "मला का नाही सांगितलं? ओटी भरायला बाई लागते ना, बाबा. मी होते की इथे."

कौस्तुभनं घोळक्याला इंग्रजीत काय सांगितलं, ठाऊक नाही. पण माणसं माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागली. आजीबाईंनी तर येऊन मला मिठी मारली. त्यांची पांढरी टोपी त्या दिवसापासून गुलाबी आहे. वाटाड्यानं खाकरून विचारलं, मग तुमचं ते काम झालं की राहिलंय?

"राहिलंय," पल्लवी म्हणाली.

तिनं झाडाखालचा एक नारळ उचलला. खण पिशवीतून काढला. पण कुंकू? करंड्यातलं सगळं तर मी समुद्रभर करून बसलो होतो! पल्लवीनं माझ्याकडे निरखून पाहिलं. मुखवट्याच्या वर माझं कपाळ उघडं होतं ना? तिथे आडवा मळवट भरला होता, देवीसारखा! तिनं माझ्या कपाळावरून बोटभर कुंकू निरपून घेतलं आणि नारळाला लावलं. बायकांची रीत असते बघा, आपण कुंकू लावलं की समोरचीनंही आपल्याला लावायचं. म्हणजे समुद्राच्या घरच्या बायकांनी रीत पाळली होती. मीच बोंबलत पळालो होतो.

पल्लवी गुडघाभर पाण्यात गेली. मी शेजारी उभा, कमरेला टॉवेल. तिनं खण पाण्याला लावून परत घेतला, म्हणाली, "हा मी शिवून घालीन." नारळ अलगद सोडला. लाटेवर डुलत तो आत गेला. आम्ही हात जोडले. मागची माणसं हळूहळू पाण्यात परतत होती. आजीबाईंनी पुन्हा मुखवटा चढवला होता. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, सुनंदा, झालं बरं का गं.

आणि माझ्या नडगीवर धाडकन काहीतरी आदळलं! गार! गुळगुळीत! मोठं!

"शार्क!"

पुन्हा शिट्टी! पुन्हा किंकाळ्या! आजीबाई पुन्हा सगळ्यांच्या पुढे! आणि मी टॉवेल सावरत थेट नारळाच्या झाडापर्यंत!

मागून आवाज आला. जिला आता मराठी बोलतानाही मध्येच इंग्रजी लागतं, ती माझी मुलगी पाण्यात उभी राहून, लाटेनं परत आणलेला नारळ दोन्ही हातांत धरून माझ्यावर ओरडली, "आंधी पाहत जा जी, मंग बोंबलत जा!"

तोच आवाज. तेच 'जी'.

मी जागीच थबकलो. वळलो. नीट पाहिलं. पल्लवीच होती.

या वेळी बोंबललो नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी आधी पाहिलं होतं. तेवढ्यात टॉवेल सुटला, आणि बोंबलायचं काम आजीबाईंनी केलं.